पट्टी तयार होताना विंडो गोठते तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजला का ते तुम्हालाही कळेल. परभणीच्या नव्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही सी शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजवर विंडो आणि बटणं बनवण्याच्या साधनात, प्रोग्रॅम लिहिला आहे. डेटा एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये आहे. दिवसभराचे सौदे आणि वजनं भरून झाली की संध्याकाळी मुनीम 'पट्टी तयार करा' हे बटण दाबतात; पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी त्याच्या मालाच्या हिशोबाची पावती. प्रोग्रॅम प्रत्येक शेतकऱ्याचा हिशोब करतो, हमाली, तोलाई, उचल वजा करतो, खतावणीत नोंद टाकतो आणि पट्टी छापतो. उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली आणि आता बटण दाबलं की विंडो पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. मुनीम दोन-तीनदा बटण दाबतात, नाहीतर टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करतात. मग काहींच्या पट्ट्या दोनदा निघतात आणि काहींच्या निघतच नाहीत. तुम्ही विचारता, यासाठी वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये सोबतीने चालणारी कामाची दुसरी धार) वापरावा लागेल, की लूपमध्ये (एकेक नोंद घेत फिरणाऱ्या कोडमध्ये) डू-इव्हेंट्स (साठलेल्या क्लिक वगैरे मध्येच निकाली काढणारी सूचना) टाकून भागेल?

उत्तर आधीच देतो. काम वेगळ्या थ्रेडवर न्यावं लागेल, आणि डू-इव्हेंट्स टाकू नका. पण तुमच्या वर्णनात एक नाही, तीन अडचणी आहेत. काम असायला हवं त्यापेक्षा बरंच हळू चालतंय, ही पहिली. ते काम विंडो सांभाळणाऱ्या थ्रेडवरच चालतंय, ही दुसरी. आणि मध्येच थांबलं तर हिशोब अर्धवट राहतो, ही तिसरी. बहुतेक जण दुसरी सोडवून मोकळे होतात, कारण डोळ्यांना तीच दिसते. माझ्या मते तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे. विंडो गोठली तर मुनीम चिडतील, एवढंच. चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली तर दुकानाची पत जाते.

मी मोंढ्यातली दुकानं, जिनिंग आणि पतसंस्था यांच्यासाठी बरीच वर्षं असे प्रोग्रॅम लिहितोय, पुढचं सगळं त्या कामातून आलेलं आहे. काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील: दुकानातल्या संगणकाची डिस्क साधी फिरती आहे की एसएसडी, डेटाची फाइल त्याच संगणकावर आहे की दुसऱ्याच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, एकाच वेळी किती जण नोंदी करतात. डॉट नेट, म्हणजे सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते, ४.५ किंवा त्यापुढचं आहे असं मी धरून चालतो. असिंक-अवेट, म्हणजे थ्रेड अडवून न ठेवता लांब कामाची वाट पाहण्याची सोय, त्याच्यासोबत २०१२ मध्ये आली, आणि आज नवीन काम त्यातच करावं.

आता गोठणं म्हणजे नेमकं काय होतं ते. विंडोजमध्ये जी विंडो ज्या थ्रेडने तयार केली, ती कायम त्याच थ्रेडची. माउसची क्लिक, दाबलेली कळ, 'हा भाग पुन्हा रंगव' ही सूचना, हे सगळं त्या थ्रेडच्या रांगेत येऊन पडतं आणि थ्रेड एकेक उचलून निकाली काढतो. तुमच्या बटणाचा हँडलर, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारा कोड, ही त्या रांगेतलीच एक नोंद. तो संपत नाही तोवर पुढची नोंद उचलली जात नाही. गादीवर बसणाराच गोदामात कट्टे मोजायला गेला, तर दुकानात आलेल्या माणसाशी बोलायला कोणी उरत नाही, तसं हे आहे. ५ सेकंद थ्रेडने रांगेकडे पाहिलंच नाही, तर विंडोज ती विंडो अडकली असं समजतं, तिच्या जागी तिची एक नक्कल उभी करतं आणि शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. आत तुमचं काम चालूच असतं. मुनिमांना ते कळायला काहीच मार्ग नाही, म्हणून ते प्रोग्रॅम बंद करतात. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

दुहेरी पट्ट्यांचं मूळही याच रांगेत आहे. तुम्ही लिहिलंय की हँडलरच्या सुरुवातीला बटण बंद करता आणि शेवटी चालू करता, तरीही काम दोनदा होतं. ते होणारच. काम चालू असताना मुनिमांनी दिलेल्या क्लिक रांगेत साठतात. हँडलर संपतो, जाता जाता बटण पुन्हा चालू करतो, आणि मग थ्रेड रांगेतली पुढची क्लिक उचलतो. तोपर्यंत बटण चालू झालेलं असतं, त्यामुळे ती क्लिक खरी धरली जाते आणि सगळा हिशोब पुन्हा सुरू होतो. काम दुसऱ्या थ्रेडवर गेलं की त्या क्लिक बटण बंद असतानाच उचलल्या जातात आणि वाया जातात. तुम्हाला तेच हवं आहे.

थ्रेडकडे वळण्याआधी एक काम करा: वेळ कुठे जातोय ते पाहा. अंदाजावर जाऊ नका. सोपा मार्ग सांगतो. सीझनच्या डेटाची प्रत स्वतःच्या संगणकावर आणा, व्हिज्युअल स्टुडिओतून प्रोग्रॅम चालवा, बटण दाबा, विंडो गोठली की 'ब्रेक ऑल' करा आणि मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक, म्हणजे तो त्या क्षणी कोणत्या ओळीवर आहे ते, वाचा. असं चार-पाच वेळा केलं की बहुतेक वेळा तो एकाच ओळीवर उभा सापडतो. मी पाहिलेल्या आडतीच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ हिशोबाची क्वचितच असते. गुणाकार-वजाबाकीला संगणकाला वेळ लागतच नाही. ती ओळ असते डेटाबेसमध्ये नोंद टाकण्याची.

तुमच्याकडेही तेच असावं, कारण लूपमध्ये प्रत्येक नोंद सुटी इन्सर्ट करता (डेटाबेसमध्ये टाकता) असं तुम्हीच लिहिलंय. एसक्यूलाइटमध्ये ट्रान्झॅक्शन, म्हणजे एक तर सगळ्या होतील नाहीतर एकही नाही असा नोंदींचा गठ्ठा, सांगितलं नाही तर प्रत्येक इन्सर्ट हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन होतं, आणि ते पूर्ण झालं असं म्हणण्याआधी एसक्यूलाइट डेटा खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या साध्या डिस्कवर सेकंदाला साधारण ६० च्या आसपासच ट्रान्झॅक्शन होऊ शकतात. इन्सर्ट मात्र त्याच संगणकावर सेकंदाला ५०,००० सुद्धा होतात, ते एका ट्रान्झॅक्शनमध्ये असले तर. आता तुमचा हिशोब करा. एका पट्टीमागे खतावणीच्या पाच-सहा नोंदी धरल्या तर ५०० पट्ट्यांच्या ३००० नोंदी होतात. सुट्या टाकल्या तर ५० सेकंद, एकत्र टाकल्या तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत. उन्हाळ्यात पट्ट्या कमी होत्या म्हणून हे कधी दिसलं नाही.

एवढ्याने तुमचं निम्मं दुखणं जाईल. तरी थ्रेडचं काम टाळू नका, कारण छपाई उरतेच, शिवाय आवक दर वर्षी सारखी नसते. काय किती वेळात व्हावं याचं एक जुनं माप आहे. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात झालं तर माणसाला ते लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत त्याचा विचार तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढे त्याचं लक्षच उडतं. मी यावरून ठरवतो. १ सेकंदाच्या आतल्या कामाला काही दाखवायची गरज नाही. त्याच्या पुढचं प्रत्येक काम यूआय थ्रेडच्या, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या थ्रेडच्या, बाहेर. १० सेकंदांच्या पुढे जाऊ शकेल अशा कामाला किती झालं ते दिसायला हवं आणि 'थांबवा' हे बटण हवं. मोजताना दुकानातला संगणक धरा, तुमचा लॅपटॉप नाही.

आता प्रत्यक्ष बदल. हँडलर असिंक करा. आत शिरल्यावर पहिल्यांदा बटण बंद करा. मग फॉर्मवरून लागणारी सगळी माहिती, तारीख, कोणतं पीक, कोणता खरेदीदार, साध्या व्हेरिएबलमध्ये उचलून घ्या. मग टास्क.रन मध्ये, म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडवर चालवणाऱ्या सोयीत, हिशोबाचं फंक्शन द्या, ती माहिती त्याला पॅरामीटर म्हणून द्या आणि अवेट करा. अवेटनंतरची ओळ आपोआप यूआय थ्रेडवर परत येते, तिथे निकाल दाखवा. बटण पुन्हा चालू करायचं ते फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे चूक झाली तरी ते कायमचं बंद राहणार नाही.

माहिती आधी उचलून घ्या, यावर जोर देण्याचं कारण आहे. दुसऱ्या थ्रेडवरून फॉर्मवरच्या कंट्रोलला (बटण, चौकट, यादी) हात लावायचा नाही, लिहायचंही नाही आणि वाचायचंही नाही. लावला तर डीबगरमध्ये 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन' वाली एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) येते. ती दिसली की अनेक जण चेक-फॉर-इल्लीगल-क्रॉस-थ्रेड-कॉल्स हे सेटिंग फॉल्स करून टाकतात आणि सुटलो म्हणतात. तो फक्त इशारा बंद झाला, धोका तसाच राहिला. मुळात हा इशारा डीबगर जोडलेला असतानाच चालू असतो. म्हणजे दुकानात तो तसाही येत नाही. तिथे कधीतरी ग्रिड (ओळी-रकान्यांचा तक्ता) अर्धी रंगते, कधी प्रोग्रॅम अचानक बंद पडतो, आणि तुम्हाला घरी काही केल्या तो प्रकार पुन्हा घडवून आणता येत नाही. शिवाय मुनीम काम चालू असताना तारीख बदलू शकतात. आधी उचललेली तारीख मात्र बदलत नाही.

इथे एसक्यूलाइट वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूलाइट लायब्ररीत 'असिंक' नावाच्या मेथड आहेत, पण एसक्यूलाइटला मुळात असिंक वाचन-लेखन नाही, त्यामुळे त्या आतून सरळ सिंक्रोनसच, म्हणजे काम संपेपर्यंत थ्रेड अडवूनच, चालतात. यूआय थ्रेडवर एक्झिक्युट-रीडर-असिंक लिहून अवेट केलं तर कोड अगदी बरोबर दिसतो आणि विंडो पहिल्यासारखीच गोठते. एसक्यूएल सर्व्हर असता तर टास्क.रन न वापरताही चाललं असतं. तुमच्याकडे टास्क.रन लागणारच. कनेक्शनही त्या फंक्शनच्या आतच उघडा आणि तिथेच बंद करा. फॉर्मवर ठेवलेलं एकच कनेक्शन दोन थ्रेडमध्ये वाटून घेऊ नका.

दुसरा खड्डा: डॉट-रिझल्ट किंवा डॉट-वेट. अवेट लिहायला कुठेतरी अडलं म्हणून यूआय थ्रेडवरून टास्कचा रिझल्ट थेट मागितला, तर यूआय थ्रेड टास्कची वाट पाहत बसतो, आणि टास्कमधला अवेटनंतरचा भाग यूआय थ्रेड मोकळा होण्याची. दोघंही जागचे हलत नाहीत. ही विंडो ५ सेकंदांसाठी गोठत नाही, कायमची गोठते. असिंक सुरू केलं की वरपर्यंत असिंकच न्या.

आता प्रगती दाखवणं. याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण थ्रेडचं सगळं बरोबर करूनही लोक इथे पुन्हा विंडो गोठवून घेतात.

प्रोग्रेस नावाचा क्लास यूआय थ्रेडवर तयार करा आणि कामाच्या फंक्शनला द्या. त्यावर रिपोर्ट केलेली माहिती तो यूआय थ्रेडच्या रांगेत नेऊन ठेवतो. इथवर छान. पण लूप दर नोंदीला रिपोर्ट करत असेल आणि नोंदी हजारो असतील, तर रांगेत हजारो निरोप पडतात. विंडोजमध्ये विंडो रंगवण्याची सूचना आणि टायमरची सूचना यांचा नंबर बाकी निरोपांच्या मागे लागतो; रांग रिकामी झाली तरच त्या पुढे येतात. निरोपांची रांग हटतच नाही, म्हणून विंडो रंगतच नाही. काम दुसऱ्या थ्रेडवर व्यवस्थित चालतंय, प्रोग्रेस बार मात्र एका जागी अडकून पडलाय, असं दिसतं. मग माणूस थ्रेडला दोष देतो.

उपाय सोपा आहे. कामाच्या थ्रेडने दर नोंदीला फक्त एक आकडा वाढवायचा. फॉर्मवर एक टायमर ठेवायचा, दर १०० किंवा २०० मिलिसेकंदांनी तो आकडा वाचून दाखवणारा. काम कितीही वेगात चालो, विंडोवर सेकंदाला पाच-दहापेक्षा जास्त निरोप जात नाहीत. माणसाच्या डोळ्याला त्याहून जास्त लागतही नाहीत. आकडा दोन थ्रेडमध्ये आहे म्हणून तो वाढवायला इंटरलॉक्ड वापरा, म्हणजे दोघांची गल्लत होणार नाही.

दाखवायचं काय, हेही महत्त्वाचं. '६२ टक्के' यातून मुनिमांना काही कळत नाही. '५१२ पैकी ३१८ पट्ट्या झाल्या' आणि त्याखाली आत्ता ज्याचा हिशोब चालू आहे त्या शेतकऱ्याचं नाव आणि गाव, हे त्यांना कळतं. नाव बदलताना दिसलं की काम चालू आहे यावर विश्वास बसतो, आणि एखाद्या नावावर गाडी अडली तर कोणाच्या नोंदीत घोळ आहे हेही तिथल्या तिथे सापडतं. एकूण किती काम आहे हे आधी माहीत नसेल तर खोटे टक्के दाखवू नका. नुसता 'इतक्या झाल्या' हा आकडा प्रामाणिक असतो.

एक काम मात्र थ्रेडवर ढकलता येत नाही: ग्रिड भरणं. ग्रिड ही विंडोच आहे, ती यूआय थ्रेडवरच भरावी लागते. हजारो ओळी एकेक करून टाकल्या की पुन्हा गोठणं आलंच. यादी दुसऱ्या थ्रेडवर पूर्ण तयार करा आणि ग्रिडला एकदाच जोडा (बाइंड करा). कॉलमची रुंदी सगळ्या ओळी पाहून ठरवण्याचं सेटिंग बंद करा, ते फार खातं. तरी जड वाटलं तर व्हर्च्युअल मोड वापरा, त्यात ग्रिड दिसणाऱ्या ओळींपुरतंच विचारतं. खरं तर, मुनीम पाच हजार ओळी स्क्रोल करून वाचत नाहीत. शेतकऱ्याच्या नावाने शोधायची सोय दिली तर मोठी ग्रिड लागतच नाही.

आता ती तिसरी अडचण, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. काम मध्येच थांबलं तर काय?

'थांबवा' बटण देण्यासाठी कॅन्सलेशन टोकन आहे. ते कामाला बळजबरीने मारत नाही. कामाच्या फंक्शनने स्वतःच अधूनमधून विचारायचं असतं, 'थांबायला सांगितलंय का?' हे चांगलंच आहे. थ्रेड बाहेरून मारण्याची जुनी थ्रेड.अबॉर्ट ही सोय नव्या डॉट नेटमधून काढलीच आहे. प्रश्न उरतो तो कुठे विचारायचं हा. एका शेतकऱ्याची पट्टी पूर्ण होऊन दुसऱ्याची सुरू होण्याआधी, हीच योग्य जागा. हमाली वजा झाली आणि उचल वजा व्हायची राहिली, अशा ठिकाणी कधीही थांबू नये.

पण 'थांबवा' बटण ही थांबण्याची एक तऱ्हा झाली. आपल्याकडे त्याहून नेमाने होणारी दुसरी आहे: लाइट जाते. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, यूपीएस नुसताच टेबलाखाली असतो. लाइट टोकन तपासून जात नाही. म्हणून कामाची रचनाच अशी करायची की ते कोणत्याही क्षणी तुटलं तरी हिशोब शाबूत राहील. ती नीट जमली की 'थांबवा' बटण जवळजवळ फुकटात मिळतं.

मी काम तीन टप्प्यांत तोडतो. पहिला टप्पा हिशोबाचा: सगळ्या पट्ट्या फक्त मेमरीत तयार करायच्या, डेटाबेसमध्ये काहीच लिहायचं नाही. इथे कधीही थांबवा, कधीही लाइट जाऊ द्या, काही बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून करा. चुकलेल्या नोंदीही इथेच पकडायच्या. वजन शून्य, भाव रिकामा, असं काही सापडलं तर यादी दाखवून पुढे जायचंच नाही.

दुसरा टप्पा लिहिण्याचा: तयार झालेल्या सगळ्या पट्ट्या आणि खतावणीच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. हा टप्पा लहान असतो, आणि तेवढ्या वेळापुरतं मी 'थांबवा' बटण बंद ठेवतो. ट्रान्झॅक्शनच्या मध्यात लाइट गेली तर पुढच्या वेळी फाइल उघडताना एसक्यूलाइट स्वतः जर्नल (लिहिण्याआधीच्या स्थितीची नोंद) पाहून अर्धवट लिहिलेलं मागे घेतं. एक तर सगळ्या पट्ट्या आहेत, नाहीतर एकही नाही. 'काहींच्या निघतच नाहीत' ही तुमची तक्रार इथे संपते.

तिसरा टप्पा छपाईचा. हा सगळ्यात लांब चालतो आणि यात प्रिंटर अडकतो, कागद संपतो. आधीच्या दोन टप्प्यांपासून तो पूर्ण सुटा ठेवा. प्रत्येक पट्टीसमोर 'छापली' अशी खूण ठेवा आणि पट्टी प्रिंटरकडे गेली की ती खूण लावा. मध्येच थांबलं तर पुन्हा बटण दाबल्यावर उरलेल्याच छापायच्या. खूण लागण्याच्या ऐन क्षणी लाइट गेली तर एखादी पट्टी दोनदा छापली जाऊ शकते, ते मला चालतं. पट्टीवर क्रमांक तोच असतो आणि खतावणीत नोंद एकदाच असते, त्यामुळे पैशाचा घोळ होत नाही. मुद्दाम पुन्हा छापायची असेल तर तिच्यावर 'दुसरी प्रत' असं येऊ द्या.

या सगळ्याखाली एक पहारा डेटाबेसमध्येच बसवा: पट्टीच्या टेबलात सौद्याच्या क्रमांकावर युनिक इंडेक्स. बटण बंद करणं, क्लिक गिळणं, हे सगळं स्क्रीनवरचं झालं. दुसऱ्या संगणकावरून कोणी तेच बटण दाबलं, तर स्क्रीनवरची कोणतीच युक्ती कामी येत नाही. युनिक इंडेक्स असला की एका सौद्याची दुसरी पट्टी डेटाबेस घेतच नाही.

विंडो बंद करण्याचंही पाहा. टास्क.रन मधलं काम बॅकग्राउंड थ्रेडवर चालतं. मुख्य फॉर्म बंद झाला की प्रोग्रॅम संपतो आणि ते काम आहे तिथे तुटतं, कोणाला न सांगता. म्हणून फॉर्म-क्लोजिंगमध्ये काम चालू असेल तर बंद होणं रोखा, टोकनला थांबायला सांगा, 'पट्टी पूर्ण करून बंद होत आहे' असं दाखवा आणि काम थांबलं की मगच फॉर्म बंद करा.

चुकांबद्दल इतकंच: टास्कमधली एक्सेप्शन अवेटच्या ओळीवर बाहेर येते, म्हणून अवेट ट्रायमध्ये हवा. टास्क सुरू करून अवेट करायलाच विसरलात तर ती एक्सेप्शन गुपचूप नाहीशी होते, आणि पट्ट्या का निघाल्या नाहीत ते कोणालाच कळत नाही. असिंक व्हॉइड (काहीच परत न करणारं असिंक फंक्शन) फक्त इव्हेंट हँडलरपुरतं ठेवा, बाकी सगळीकडे टास्क परत करा.

आता डू-इव्हेंट्सला मी सरळ नाही का म्हणालो ते. डू-इव्हेंट्स रांगेत साठलेलं सगळं तिथल्या तिथे निकाली काढतं, आणि बटण बंद करायचं कुठे राहिलं असेल तर त्या सगळ्यात मुनिमांची दुसरी क्लिकही येते. मग पहिला हिशोब अर्ध्यावर असताना त्याच्या पोटात दुसरा हिशोब सुरू होतो, तो संपल्यावर पहिला पुढे चालतो. दोघांनी त्याच याद्या, तेच व्हेरिएबल वापरलेले असतात. कोणी फॉर्म बंद केला तर लूप बंद झालेल्या फॉर्मवर लिहायला जातो. विंडो हलते हे खरं, पण ज्या दुहेरी पट्ट्यांसाठी तुम्ही विचारलंत, त्याच अशा वेळी जास्त निघतील. डेटाबेसच्या एका लांब कॉलमध्ये थ्रेड अडकला असेल तर डू-इव्हेंट्सची पाळीच येत नाही, त्यामुळे तिथे उपयोगही शून्य.

तुम्ही सोबत विचारलंय की मोंढ्यातल्या इतर दुकानांत जुने व्हीबी ६ चे प्रोग्रॅम आहेत, त्यांचं काय. १९९८ च्या त्या भाषेत थ्रेड वापरणं धड जमत नाही. तिथे मी लांब काम वेगळ्या लहान ईएक्सईत काढतो, ती डेटाबेसमध्ये किती झालं ते लिहिते आणि मुख्य फॉर्म टायमरने वाचतो. पायथॉन आणि टीकिंटर (पायथॉनमधलं विंडो बनवण्याचं साधन) असेल तर नियम तेच: विजेटला फक्त मुख्य थ्रेडने हात लावायचा, बाकीच्यांनी क्यूमध्ये (रांगेत) टाकायचं आणि मुख्य थ्रेडने आफ्टर वापरून ते उचलायचं. पायथॉनमध्ये शुद्ध आकडेमोडीचं जड काम असेल तर थ्रेडऐवजी वेगळी प्रोसेस बरी, कारण एरवीच्या पायथॉनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो. जावाच्या स्विंगमध्ये यासाठी स्विंगवर्कर आहेच.

फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर मात्र वेगळा विचार करा. एसक्यूलाइटचं लॉकिंग नेटवर्कवरच्या फाइलीवर भरवशाचं नसतं, आणि दोन संगणकांवरून लिहायचं असेल तर मी सर्व्हरवाला डेटाबेस घ्यायला सांगेन. शिवाय समोरचा संगणक बंद असेल तर 'फाइल आहे का' एवढं विचारणारी साधी ओळसुद्धा बराच वेळ अडकून राहते. अशा ओळी हँडलरमध्ये कोणाच्या नजरेत येत नाहीत. त्याही टास्कमध्येच न्या.

तपासणी दुकानातल्याच संगणकावर करा. काम चालू असताना विंडो धरून इकडेतिकडे ओढा, मिनिमाइज करून परत आणा, बटण मुद्दाम पाच-सहा वेळा दाबा, 'थांबवा' दाबा, क्रॉस दाबा. मग डेटाची प्रत घेऊन काम चालू असताना संगणकाची वायरच काढा, पुन्हा चालू करा, आणि पट्ट्यांची बेरीज सौद्यांच्या बेरजेशी जुळते का पाहा. ही शेवटची चाचणी बहुतेक जण टाळतात. मी ती मालकासमोर करतो.

क्रम विचाराल तर असा. सीझन चालू आहे, त्यामुळे आज फक्त दोनच बदल द्या: एकच ट्रान्झॅक्शन आणि सौद्यावर युनिक इंडेक्स. इंडेक्स टाकण्याआधी सध्याच्या दुहेरी पट्ट्या मुनिमांना सोबत बसवून शोधा आणि रद्द करा, नाहीतर इंडेक्स तयारच होणार नाही. या दोन्हींना फॉर्मला हात लावावा लागत नाही, दुहेरी पट्ट्या लगेच थांबतात आणि विंडोही फार वेळ अडकणार नाही. तीन टप्पे, टास्क.रन आणि 'थांबवा' बटण हे मोठे बदल दिवाळीत मोंढा बंद असतो तेव्हा करा, म्हणजे चाचणीला तीन-चार दिवस मिळतील आणि वायर काढून पाहताना दारात ट्रॅक्टर उभे नसतील.